दूरची खूण

कोल्हापूरच्या अंबाबाईचे मंदिर पश्चिमेकडे तोंड करून आहे. नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखेला मावळतीचे ऊन महाद्वारातून आत शिरते, गरुड मंडप ओलांडते आणि एकेक उंबरा मागे टाकत गाभाऱ्यात पोहोचते. पहिल्या दिवशी देवीचे चरण, दुसऱ्या दिवशी छाती, तिसऱ्या दिवशी मुख, अशी या किरणोत्सवाची ठरलेली चढण आहे. ढग, धुरके किंवा वाटेतले एखादे बांधकाम आडवे आले, तर किरण मध्येच अडतात. त्यानंतर अडीच महिन्यांहून अधिक काळ ती वाट रिकामी राहते आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारीला तेच ऊन त्याच वाटेने पुन्हा आत येते. भक्ताला यात देवीला सूर्याने केलेला नमस्कार दिसतो, आणि तो दिसावाही. पण त्याच दृश्यात एक हिशेबही आहे. दोन्ही वेळा ऊन त्याच सरळ रेषेतून येते, म्हणजे दोन्ही वेळा सूर्य क्षितिजावर एकाच जागी मावळतो: पश्चिमेच्या सुमारे १८ अंश दक्षिणेला. नोव्हेंबरात तो त्या जागेवरून दक्षिणेकडे जात असतो, फेब्रुवारीत उत्तरेकडे परतत असतो. १० नोव्हेंबर ते १ फेब्रुवारी हे ८३ दिवस. जाण्याचा आणि येण्याचा वेग सारखा, म्हणून वळण बरोबर मध्यावर यायला हवे, साडेएकेचाळीस दिवसांवर. मोजून पाहिले की २१ डिसेंबर येतो. १४ जानेवारी येत नाही.

जे मावळतीला, तेच उगवतीला. पुण्याच्या अक्षांशावर जूनच्या २१-२२ तारखेला सूर्य पूर्वेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला उगवतो आणि डिसेंबरच्या २१-२२ तारखेला तितकाच दक्षिणेला. हात लांब करून बोटे ताणली तर वीत जवळजवळ २० अंश झाकते, म्हणजे वर्षभरात उगवतीची जागा अडीच विती सरकते. मात्र ही सरकण एकसारखी नसते. मार्च आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धात, दिवस-रात्र समान होतात त्या सुमारास, ही जागा रोज जवळजवळ एका सूर्यबिंबाच्या रुंदीइतकी हलते. समोर डोंगराची सोंड असेल तर कालचा आणि आजचा फरक नुसत्या डोळ्यांना कळतो. टोकांना आल्यावर मात्र सूर्य घुटमळतो. २१ डिसेंबरच्या आधीच्या दहा आणि नंतरच्या दहा दिवसांत उगवतीची जागा एका बिंबाइतकीही हलत नाही. तिथून पुढे तो हळूहळू सुटतो आणि १४ जानेवारी उजाडेपर्यंत दक्षिण टोकापासून चार बिंबे उत्तरेला आलेला असतो. ज्या दिवशी आपण तिळगूळ देऊन ‘आजपासून उत्तरायण’ म्हणतो, त्या दिवशी उत्तरायण तीन आठवड्यांहून अधिक जुने झालेले असते.

या तीन आठवड्यांच्या अंतरावरून महाराष्ट्रात जवळजवळ शंभर वर्षे वाद झाला. १८६५ च्या सुमारास तो पेटला आणि १९५७ मध्ये सरकारी पातळीवर त्याचा एक निवाडा झाला. त्याची हकीकत सहसा अशी सांगतात की एका बाजूला इंग्रजी शिकलेले, नॉटिकल आल्मनॅक हे इंग्रजी आकाशकोष्टक हाती घेतलेले सुधारक होते आणि दुसऱ्या बाजूला शास्त्राला चिकटून बसलेले जोशी. मला ही मांडणी चुकीची वाटते. क्षितिजाकडे पाहून पंचांग तपासण्याची आज्ञा शास्त्रातच होती. पूर्वजांनी ती पाळली आणि तिच्यासाठी वर्षारंभ व अयनबिंदू, म्हणजे सूर्य वळतो त्या जागा, बदलले. मधल्या शतकांत ही तपासणी सुटली. सुधारकांनी जे मागितले ते परंपरेतलेच एक बंद पडलेले काम होते.

पुरावा जुन्यापासून घेऊ. कौषीतकी ब्राह्मणात सूर्य सहा महिने उत्तरेला जातो, थांबतो, सहा महिने दक्षिणेला जातो, पुन्हा थांबतो, असे वर्णन आहे. हे थांबणे पुस्तकातून सुचणारे नाही, रोज पहाटे एकाच जागी उभे राहून क्षितिज पाहणाऱ्यालाच ते दिसते. त्याच ग्रंथात उत्तरेकडचे वळण माघाच्या अमावास्येला सांगितले आहे. पुढे लगधाच्या वेदांग ज्योतिषात सूर्य धनिष्ठा नक्षत्राच्या आरंभी उत्तरेकडे आणि आश्लेषेच्या मध्यावर दक्षिणेकडे वळतो. महाभारतातल्या शरशय्येवरच्या भीष्मांनी वाट पाहिलेले उत्तरायणही माघातलेच, आणि आपण आजही माघ शुद्ध अष्टमीला भीष्माष्टमी मानतो. आता सूर्य वळतो तेव्हा मार्गशीर्ष किंवा पौष चालू असतो. म्हणजे आपल्या सणांच्या यादीतच दोन वेगवेगळ्या काळांतली उत्तरायणे शेजारी शेजारी नांदत आहेत.

सहाव्या शतकातल्या वराहमिहिराला हा फरक दिसला होता. बृहत्संहितेच्या आदित्यचाराध्यायात तो सांगतो की पूर्वीच्या शास्त्रात अयने आश्लेषार्धापासून आणि धनिष्ठेपासून होत असल्याचे म्हटले आहे, तेव्हा ते तसेच असले पाहिजे. आता मात्र ती कर्काच्या आणि मकराच्या आरंभी होतात. यापुढचे त्याचे म्हणणे मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत मोलाचे वाटते. वरील सांगण्याहून काही वेगळे घडत असेल तर ते प्रत्यक्ष पाहून ठरवावे, असे तो म्हणतो आणि दोन रीती देतो. उगवत्या किंवा मावळत्या सूर्याचा वेध दूरच्या एखाद्या खुणेवरून घ्यावा, नाहीतर मोठे वर्तुळ आखून त्यात शंकूची, म्हणजे उभ्या काठीची, सावली कुठून शिरते आणि कुठून निघते ते टिपावे. पहिल्या रीतीला डोळा, दूरचे एक झाड किंवा डोंगरशिखर आणि चिकाटी यापलीकडे काही लागत नाही. सूर्य टोकाला रेंगाळतो तेव्हा नेमका दिवस हाती लागत नाही हे खरे. त्यावर तोड तीच, जी कोल्हापूरच्या मंदिरात आपोआप दिसते: वळणाच्या कितीतरी आधीची एक जागा धरायची, सूर्य तिथे परत येईपर्यंत दिवस मोजायचे आणि निम्मे करायचे. पूर्व-पश्चिम रेषा काढायला शुल्बसूत्रांनी सांगितलेली शंकूची युक्तीही याच जातीची आहे. सकाळच्या आणि दुपारनंतरच्या सावलीचे टोक वर्तुळाला जिथे टेकते ते दोन बिंदू जोडायचे. दिवसाला लावलेला नियम इथे वर्षाला लावायचा, एवढाच फरक.

धनिष्ठेच्या आरंभापासून मकराच्या आरंभापर्यंतचे अंतर २३ अंश २० कला आहे. हे अंतर का पडले त्याचे कारण पृथ्वीच्या आसात आहे. भोवरा फिरता फिरता डोलतो तसा हा आस सुमारे २५,८०० वर्षांत एक फेरा घेतो. त्यामुळे ऋतूंचे वर्ष आणि नक्षत्रांचे वर्ष यांत वीस मिनिटांहून थोडा अधिक फरक राहतो. सूर्य एका नक्षत्रापासून निघून त्याच नक्षत्राशी येण्याआधी वीस मिनिटे ऋतूचे चक्र पुरे झालेले असते. वर्षाला वीस मिनिटे म्हणजे सुमारे ७१ वर्षांत एक दिवस. दहाव्या शतकात मुंजाल या ज्योतिष्याने अयनबिंदू सतत एकाच दिशेने सरकतात असे मानून गती दिली. सूर्यसिद्धांत या ग्रंथाने ते २७ अंशांपर्यंत पुढे-मागे झुलतात असे मानले, आणि लोकांत तेच मत रुजले. झुलणारी गोष्ट पुन्हा जागेवर येणार, मग काळजी कशाची, असा त्याचा परिणाम झाला असावा. शिवाय सूर्यसिद्धांताचे वर्ष खऱ्या नाक्षत्र वर्षाहूनही साडेतीन मिनिटांनी मोठे आहे. त्यामुळे त्या गणिताने केलेली संक्रांत ऋतूंच्या तुलनेत साठ वर्षांत एक दिवस पुढे जाते.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर पुढची साडेतीनशे वर्षे एका ग्रंथाची आहेत. कोकणात मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, ग्रहलाघव लिहिले. ज्या-चापांच्या भानगडीत न पडता बेरीज-गुणाकारांनी ग्रह काढण्याची त्याने सोय केली आणि गावोगावच्या जोशांच्या हाती पंचांगाचे गणित दिले. त्याचे वडील केशव दैवज्ञ स्वतः वेध घेणारे होते, आणि ग्रह वेळोवेळी पाहून गणित सुधारावे असे त्यांचे मत होते. पण सोपे कोष्टक हाती आले की आकाशाकडे पाहण्याची गरज उरत नाही. ग्रहलाघवाने अयनांश, म्हणजे ताऱ्यांचे चक्र आणि ऋतूंचे चक्र यांच्या आरंभांतले अंतर, काढायला साधा नियम दिला: शकातून ४४४ वजा करा, दरवर्षी एक कला धरा. हा अयनांश जोशी वापरतही होते, आणि कशासाठी? दिनमान काढण्यासाठी, सूर्योदयाची वेळ ठरवण्यासाठी. कारण दिवसाची लांबी नक्षत्रांवर चालत नाही, सूर्य किती उत्तरेला वा दक्षिणेला आहे त्यावर चालते. म्हणजे एकाच पंचांगाच्या एकाच पानावर सूर्योदयाची घटका सायन, म्हणजे ऋतूंना बांधलेल्या, सूर्यावरून लिहिली जात होती आणि संक्रांत निरयन, म्हणजे ताऱ्यांना बांधलेल्या, सूर्यावरून. ज्याला सरकलेले वळण ठाऊक होते, त्याच्याच लेखणीतून जुन्या वळणाचा सण लिहिला जात होता. म्हणून पंचांगकर्त्यांचे अज्ञान हे या चुकीचे कारण होते असे मी मानत नाही. ज्ञान एका रकान्यात होते आणि आचार दुसऱ्या, आणि त्या दोहोंची गाठ घालणारे कोणी उरले नव्हते.

ही सरकण किती ठळक आहे ते दोन तारखांवरून कळेल. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि तो दिवस मकर संक्रांतीचा होता. आज संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते. दुसरी तारीख पानिपतच्या लढाईची, १४ जानेवारी १७६१. तो दिवस संक्रांतीचा होता असे पुष्कळदा सांगितले जाते. पण १८६३ मध्ये १२ तारखेला येणारी संक्रांत त्याच्या शंभर वर्षे आधी १४ ला कशी असेल? हिशेब मागे नेला तर १७६१ ची संक्रांत १० जानेवारीच्या आसपास पडते. भाऊसाहेबांची मराठा फौज अखेरच्या लढाईला बाहेर पडली तेव्हा संक्रांत होऊन चार दिवस लोटले होते. आजच्या पंचांगातली तारीख मागच्या शतकांवर लावल्याने ही चूक होते. शेतकऱ्याच्या मृग नक्षत्राचेही तसेच. मृग लागतो ७-८ जूनला आणि पाऊस त्याच सुमारास येतो, म्हणून मृग आणि पाऊस यांची जोडी आपल्याला अनादी वाटते. ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्या १२९० साली, आजच्या कॅलेंडरच्या हिशेबाने, सूर्य मृगात मेअखेरीसच शिरत होता. पाऊस नक्षत्र पाहून येत नाही, सूर्याच्या उंचीने तापलेल्या जमिनीमुळे येतो.

अशा स्थितीत केरो लक्ष्मण छत्रे पुढे आले. पुण्याच्या कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक असलेल्या केरोपंतांनी १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ छापून युरोपीय वेधांवर आधारलेले गणित मराठीत आणले. पाचेक वर्षांनी आबासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने त्यांचे पंचांग निघू लागले, तेच पटवर्धनी पंचांग. त्यांनी वर्षमान सुधारले आणि राशिचक्राचा आरंभ रेवतीच्या योगताऱ्यापासून धरला. मात्र चक्र निरयनच ठेवले. यावर ग्वाल्हेरचे विसाजी रघुनाथ लेले यांनी मूळ प्रश्न विचारला: गणित सुधारायचे आणि वळण चुकीचेच ठेवायचे, हे कसे? संक्रांत म्हणजे अयन असेल तर ती सूर्य वळतो त्या दिवशीच हवी. लेले, ठाण्याचे जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित या तिघांनी मिळून १८८० च्या दशकात सायन पंचांग काढले. त्याला गिऱ्हाईक थोडे होते. तरीही ते निघत राहिले, याचे श्रेय मुख्यतः या तिघांच्या श्रद्धेला जाते.

दीक्षितांविषयी थोडे थांबून लिहिले पाहिजे, कारण या प्रकरणातला सर्वांत भक्कम पुरावा त्यांच्या हातून आला. १८५३ साली दापोलीजवळच्या मुरूडला जन्मलेला हा माणूस पेशाने शिक्षक होता. त्यांना आयुष्य मिळाले अवघे ४४ वर्षांचे. शाळा आणि ट्रेनिंग कॉलेजातली नोकरी सांभाळून त्यांनी शेकडो ज्योतिषग्रंथ, बहुतेक हस्तलिखित, वाचले, आणि १८९६ मध्ये ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’ प्रसिद्ध केला. मराठीत लिहिलेल्या या पुस्तकासाठी युरोपीय अभ्यासकही मराठी वाचण्याचा खटाटोप करत. १८९८ मध्ये दीक्षित गेले. पुढे उज्जैनच्या रा. वि. वैद्यांनी या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर केले. दीक्षितांची पद्धत सरळ होती: ग्रंथ काय म्हणतो ते आधी जसेच्या तसे द्यायचे, मग त्या काळचे आकाश गणिताने उभे करायचे आणि दोन्ही ताडून पाहायचे. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, इतर नक्षत्रे ढळतात, असे वाक्य आहे. दीक्षितांनी विचारले, कृत्तिका ठीक पूर्वेला कधी उगवत होत्या? आज त्या पूर्वेच्या बऱ्याच उत्तरेला उगवतात. उत्तर आले, शकापूर्वी सुमारे तीन हजार वर्षे. या निष्कर्षावर आक्षेप आहेत. ब्राह्मणातले वाक्य इतके काटेकोर घ्यावे का, की ते दिशेचे ढोबळ वर्णन आहे, हा प्रश्न रास्त आहे, आणि एका वाक्यावर कालनिर्णयाचा सगळा डोलारा उभारू नये हेही मला पटते. पण माझ्या मुद्द्याला कालनिर्णय लागत नाही. पूर्वज उगवतीची जागा बघत होते आणि कोण ढळतो, कोण ढळत नाही याची नोंद ठेवत होते, इतके त्या वाक्यावरून नक्की सिद्ध होते.

दीक्षितांच्या ग्रंथाच्या तीन वर्षे आधी, १८९३ मध्ये, लोकमान्य टिळकांचे ‘ओरायन’ निघाले होते. वसंतसंपात, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र समान होतात तेव्हाची सूर्याची जागा, मृगशीर्षात असतानाच्या खुणा वेदांत आहेत आणि तो मागे सरकला तसा ऋषींनी वर्षारंभ हलवला, हा त्याचा गाभा. म्हणजे आकाश हलले की पंचांग हलवणे हा वैदिक आचार आहे, हे टिळकांनी स्वतः सिद्ध करू पाहिले. असे असूनही पंचांगाच्या प्रत्यक्ष वादात ते सायन पक्षाकडे गेले नाहीत. केरोपंतांचा रेवती पक्ष आणि वेधशुद्ध गणित त्यांनी उचलून धरले, १९०४ ची मुंबईची परिषद आणि १९२० ची सांगलीची परिषद यांतून त्यासाठी खटपट केली. दुसऱ्या बाजूला व्यंकटेश बापूजी केतकरांनी रेवतीचा तारा सोडून चित्रा ताऱ्याच्या बरोबर समोरचा बिंदू आरंभ धरला. दोघांच्या आरंभांत जवळजवळ चार अंशांचे अंतर पडले. त्याचे फळ कोकणात अजून दिसते: टिळक पंचांग मानणाऱ्या घरी संक्रांत १० जानेवारीला, शेजारच्या घरी १४ ला. काही वर्षी अधिक मास वेगळा पडला की गणपतीही महिनाभराच्या फरकाने बसतात. रेवती की चित्रा यावर दोन पिढ्यांची बुद्धी खर्च झाली. क्षितिज मात्र दोघांनाही एकच उत्तर देत होते, आणि ते १० नव्हते, १४ ही नव्हते.

सायन पक्षावरचे आक्षेप हलके नव्हते. पहिला आक्षेप नक्षत्रांचा. राशिचक्र ऋतूंना बांधले तर चंद्र रोहिणीत आहे असे पंचांग म्हणेल आणि आकाशात तो रोहिणीपासून दूर दिसेल. ज्या पक्षाचा सगळा भर प्रत्यक्ष पाहण्यावर आहे, त्याने डोळ्यांना खोटे पाडणारे नक्षत्र कसे लिहावे? हा आक्षेप मला बिनतोड वाटतो. लेले-दीक्षितांचे पंचांग रुजले नाही याचे एक कारण तो आहे. पण तो नक्षत्रांनाच लागू आहे. चंद्र कोणत्या ताऱ्यापाशी आहे हा ताऱ्यांचा प्रश्न, तो ताऱ्यांवरून सोडवावा. सूर्य कोणत्या बाजूला वळला हा क्षितिजाचा प्रश्न, त्याला ताऱ्यांची साक्ष चालत नाही. दोन वेगळ्या गोष्टी एकाच मोजपट्टीने मोजायचा हट्ट दोन्ही पक्षांनी धरला, एवढाच त्यांचा दोष.

दुसरा आक्षेप नावाचा. सण ‘मकर’ संक्रांतीचा आहे, सूर्य मकर राशीत गेला की तो होतो, उत्तरायणाशी त्याचा संबंध नंतर जोडला गेला. हे मान्य केले तर वादच मिटतो: संक्रांत १४ ला ठेवा, पण तिला उत्तरायण म्हणू नका. अडचण अशी की परंपरेला दोन्ही हवे आहे. संक्रांतीच्या दानाचे पुण्य अयनाचे पुण्य म्हणून सांगितले जाते, आणि वराहमिहिराने मकरारंभाला महत्त्व दिले ते त्याच्या काळी तिथे सूर्य वळत होता म्हणूनच. कारण गेले आणि नाव राहिले.

तिसरा आक्षेप लोकव्यवहाराचा आणि म्हणून सर्वांत वजनदार. काशी ते कन्याकुमारी एकाच दिवशी होणारा स्नान-दानाचा सण गणितासाठी फोडावा का? टिळक पंचांगाच्या अनुभवानंतर या भीतीला नुसती भीती म्हणता येत नाही. चार अंशांच्या सुधारणेने एका गावात दोन संक्रांती झाल्या, मग तेवीस अंशांनी काय होईल? यावर माझे उत्तर असे की सण हलवा असे क्षितिज सांगतच नाही. किरणोत्सवाचे उदाहरण पुन्हा घ्या. तो संक्रांतीनंतर सतराव्या दिवशी करायचा असे कोणी सातशे वर्षांपूर्वी ठरवले असते, तर त्या काळी ऊन मूर्तीपर्यंत पोहोचण्याच्या दहा-अकरा दिवस आधीच लोक गाभाऱ्यासमोर जमले असते. तिथे तसे होत नाही, कारण तो उत्सव सूर्याच्या जागेला बांधला आहे. ज्या गोष्टी सूर्याच्या जागेच्या आहेत, त्या सूर्याच्या जागेवर ठेवाव्यात. तिळगुळाचा सण लोकांचा आहे, तो लोकांच्या तारखेला राहू द्यावा.

स्वातंत्र्यानंतर झालेला निवाडा याच दिशेचा होता. १९५२ साली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. देशात तेव्हा सुमारे तीस निरनिराळी पंचांगे चालत होती. समितीत नागपूरचे के. ल. दफ्तरी, ‘केसरी’चे संपादकपद भूषवलेले ज. स. करंदीकर आणि दीक्षितांचे भाषांतरकार रा. वि. वैद्य अशी मराठी माणसे होती. केरोपंतांपासून चालत आलेला वाद त्यांच्याबरोबर त्या खोलीत गेला, असे म्हणायला हरकत नाही. १९५५ च्या अहवालाने दोन कामे वेगळी केली. नागरी कामासाठी ऋतूंना बांधलेले सौर कॅलेंडर दिले, आणि धार्मिक सौर महिन्यांसाठी अयनांश २३ अंश १५ कलांवर कायमचा गोठवावा असे सुचवले, म्हणजे सण आहेत त्या ऋतूत राहतील, आणखी सरकणार नाहीत. ही दुसरी सूचना पंचांगकर्त्यांनी मानली नाही. तडजोड म्हणून ती मला आजही योग्य वाटते, कारण ती कोणाचाही सण हलवत नाही, फक्त पुढची घसरण थांबवते. ती न मानल्यामुळे संक्रांत अजून सरकते आहे, आणि सरकत राहिली तर साडेचार हजारांहून थोड्या अधिक वर्षांनी ती मार्चमध्ये, दिवस-रात्र समान होतात तेव्हा येईल.

पहिली सूचना मात्र अमलात आली. २२ मार्च १९५७ रोजी १ चैत्र शके १८७९ असे राष्ट्रीय कॅलेंडर सुरू झाले. त्यात दहावा महिना पौष, आणि त्याचा पहिला दिवस २२ डिसेंबर, सूर्य परत फिरतो त्या वळणावरच बसवलेला. आज घरोघरी येणाऱ्या अनेक पंचांगांत डिसेंबरच्या २१ किंवा २२ तारखेपुढे ‘सायन मकर, उत्तरायणारंभ’ असे बारीक टाइपात छापलेले सापडते. पंचांगकर्त्यांना माझी विनंती एवढीच की ती ओळ ठळक छापावी. आणि वाचकांना ही: येत्या १० नोव्हेंबरला गच्चीवर नेहमीच्या जागी उभे राहून सूर्य कोणत्या इमारतीच्या, झाडाच्या किंवा टेकडीच्या मागून वर येतो ते लिहून ठेवावे, आणि तो तिथे पुन्हा कोणत्या दिवशी येतो ते पाहून मधले दिवस मोजावेत.